थेंबाएवढं घर, दोन चाकांवर!

दोस्तांनो, नांदगाव म्हटलं की नाशिककडच्या मुलांना मनमाडजवळचं नांदगाव आठवेल. पण आज आपण जाणार आहोत सिंधुदुर्गातल्या नांदगावाला. हे गाव कणकवली तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. इथल्या तिठ्यावरून एक रस्ता देवगडच्या समुद्राकडे वळतो. गावाच्या नावाचं कोकण रेल्वेचं स्टेशनही आहे, 'नांदगाव रोड'. २०२५ च्या गणपतीत या स्टेशनला एक मजेदार मान मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडहून मोटारगाड्या चक्क मालगाडीवर चढवून आणायची सेवा कोकण रेल्वेने सुरू केली आणि तिचा एक थांबा ठेवला नांदगाव रोडला!

ही झाली गाडीवर गाडी. आता गाडीच्या मागे घर जोडलं तर? म्हणजे तिठ्यावरून निघायचं, कणकवली, कसाल करत मालवणच्या किनाऱ्यावर पोचायचं आणि झोपायला घर आपल्या मागोमाग आलेलंच! ना तंबूच्या खुंट्या ठोकायची दगदग, ना पहाटेच्या दवाने अंथरूण ओलं व्हायची भीती.

असं घर खरोखर असतं. ते आडव्या ठेवलेल्या पाण्याच्या थेंबासारखं दिसतं, म्हणून इंग्रजीत त्याला म्हणतात 'टिअरड्रॉप ट्रेलर', म्हणजे अश्रूच्या आकाराची जोडगाडी. अनेक हौशी लोक ते घरच्या घरी, सुतारकामाच्या हत्यारांनी बनवतात. ते कसं बनतं आणि ते बनवताना कुठली गोष्ट विसरून अजिबात चालत नाही, ते आज पाहू.

चाकांवरची घरं नवी नाहीत

राजस्थानचे गाडिया लोहार पिढ्यान् पिढ्या बैलगाडीत संसार थाटून गावोगाव फिरत आले आहेत. आपल्याकडे दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबं साखर कारखान्यांकडे निघतात. भांडीकुंडी, धान्य, अंथरुणं, कोंबड्या आणि मुलं, सगळं एकाच गाडीत! तुमच्याच वयाच्या त्या मुलांची शाळा मात्र मागे राहते. तेव्हा चाकांवरचं घर ही काहींची हौस असते, तर काहींची गरज असते, हे आपण विसरायचं नाही.

हौसेखातर असं घर बनवून घेणारा एक जुना प्रवासी म्हणजे स्कॉटिश डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स. त्याने १८८५ मध्ये 'वाँडरर', म्हणजे भटक्या, नावाची घरगाडी बनवून घेतली. ती घोडे ओढत. पुढे मोटारी आल्या आणि १९३० नंतरच्या काळात अमेरिकेत थेंबाच्या आकाराच्या छोट्या ट्रेलरची टूम निघाली. दुसरं महायुद्ध संपल्यावर तर ती फारच वाढली. 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' नावाच्या अमेरिकन मासिकाने सप्टेंबर १९४७ च्या अंकात असा ट्रेलर घरी कसा बनवायचा याचे आराखडेच छापले. आपल्या मासिकात आकाशकंदिलाची कृती छापून येते ना, तशी तिथे घराची कृती!

महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये घरगाड्यांतून होणाऱ्या पर्यटनासाठी खास धोरण जाहीर केलं. पण आपला थेंब मोठ्या घरगाडीपेक्षा कितीतरी लहान असतो.

किती लहान? खडू घ्या!

अंगणात किंवा पडवीत खडूने आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असा चौकोन आखा. झालं तुमचं घर! आता भावाला किंवा बहिणीला बोलवा आणि दोघं त्यात आडवे व्हा. पाय पुरतात? कोपर लागतं? या घराची उंचीही साधारण चारच फूट असते. आत बसता येतं, झोपता येतं, उभं मात्र राहता येत नाही.

पण आठ बाय चारच का? याचं उत्तर जवळच्या प्लायवूडच्या दुकानात मिळेल. प्लायवूडचा पूर्ण तक्ता आठ फूट लांब आणि चार फूट रुंद येतो. एक तक्ता जमिनीला, एक डाव्या भिंतीला, एक उजव्या भिंतीला. कापाकापी कमी, वाया जाणारं लाकूड कमी. म्हणजे या घराचं माप माणसाच्या उंचीने ठरवलं तितकंच प्लायवूडच्या तक्त्यानेही ठरवलं!

थेंबच का?

आधी एक गंमत. पावसाचा खरा थेंब चित्रात काढतात तसा शेंडीवाला नसतोच! अगदी लहान थेंब गोल असतो आणि मोठा थेंब खाली येताना हवेच्या दाबाने खालून चपटा होतो, पावभाजीच्या पावासारखा. शेंडी दिसते ती नळाच्या तोंडाशी लोंबणाऱ्या थेंबाला.

तरीही शेंडीवाला आकार मोठ्या कामाचा आहे. आपल्याला वाटतं, हवा कापायची तर पुढचं टोक अणकुचीदार हवं. पण कमी वेगात पुढच्या टोकापेक्षा मागची बाजू महत्त्वाची असते. पेटीसारख्या गाडीच्या मागे हवेचे भोवरे तयार होतात आणि ते गाडीला मागे खेचतात. मागचा भाग हळूहळू निमुळता केला, की हवा अंगाला चिकटून शांतपणे निघून जाते. तेवढ्याच जाडीचा चेंडू आणि थेंबाच्या आकाराची वस्तू घेतली, तर थेंबाला होणारा हवेचा विरोध चेंडूच्या दहाव्या भागाइतका असू शकतो. बांगडा किंवा सुरमई समोर ठेवून पाहा. पुढे भरीव, मागे निमुळती! समुद्रात ही युक्ती फार जुनी आहे.

आपल्या ट्रेलरला याहून मोठा फायदा होतो तो बुटकेपणाचा. तो मोटारीच्या आडोशानेच चालतो, त्यामुळे वारा त्याला फारसा अडवत नाही.

आता बांधकाम

सगळ्यात खाली लोखंडी सांगाडा. चौकोनी पाइप कापून वेल्डिंगने जोडतात. त्याखाली आस, आसाला दोन चाकं, आणि आस व सांगाडा यांच्यामध्ये पोलादी पाटे. टेम्पोच्या मागच्या चाकाजवळ वाकून पाहिलंत तर एकावर एक ठेवलेल्या वाकड्या पट्ट्या दिसतात, तेच हे पाटे. खड्ड्यातला दणका ते स्वतः झेलतात.

सांगाड्याच्या पुढे निघते दांडी. दांडीच्या टोकाला लोखंडी वाटी आणि मोटारीच्या मागे लोखंडी गोळा. वाटी गोळ्यावर बसवून कुलूपबंद करायची. मग ट्रेलर डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली होतो, थोडा कलतोही. असा सांधा तुमच्या शरीरात आहे! विज्ञानाच्या पुस्तकात खांद्याचा आणि खुब्याचा 'उखळीचा सांधा' शिकलात ना? तोच हा. शिवाय दोन साखळ्या दांडीखाली फुलीसारख्या बांधतात. चुकून वाटी सुटलीच, तर दांडी रस्त्यात घुसण्याऐवजी त्या फुलीवर अडकते.

भिंतींचा बाक कसा काढायचा? सुतार तक्त्यावर ठरावीक जागी खिळे मारतो, त्यांच्या कडेने लाकडाची लवचीक पट्टी वाकवून धरतो आणि पेन्सिल फिरवतो. आकाशकंदिलासाठी कामटी वाकवतो तसंच. मग दोन्ही भिंतींचे तक्ते एकावर एक घट्ट आवळून एकदमच कापायचे आणि घासायचे. म्हणजे दोन्ही भिंती जुळ्या बहिणींसारख्या होतात. त्या जरा जरी वेगळ्या झाल्या, तरी छप्पर पिळलं जातं आणि पाणी गळतं.

दोन भिंतींच्या मध्ये आडव्या फासळ्या ठोकायच्या. किनाऱ्यावर होडी बांधताना पाहिली असेल, तर ही रचना ओळखीची वाटेल. फासळ्यांवर पातळ प्लाय वाकवून बसवायचा. तो सरळ वाकत नाही. ओल्या गरम फडक्याने शेकत, हळूहळू वाकवावा लागतो. फासळ्यांमधल्या जागेत थर्माकोल भरायचा, म्हणजे ऊन आत येत नाही. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा.

आणि स्वयंपाकघर? ते असतं मागे! थेंबाची शेपटीकडची बाजू म्हणजे मोठं झाकण. 'बिजागरीच्या सांध्या'वर ते वर उघडतं. खाली ओटा, शेगडी, टोप, पाण्याचा कॅन, मसाल्याचे डबे. आपण बाहेर उभं राहून स्वयंपाक करायचा. उघडलेलं झाकणच डोक्यावर छप्पर होतं.

हे स्वयंपाकघर बाहेर असण्यामागे फक्त जागेची काटकसर नाही. आपली दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे एक हजार घनफूट. थेंबातली हवा मात्र जास्तीत जास्त १२८ घनफूट, म्हणजे खोलीच्या आठव्या भागाइतकी. एवढ्याशा बंद जागेत शेगडी, स्टोव्ह किंवा निखारे पेटवले, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही, कायमचा झोपवतो. म्हणून नियम पक्का: ट्रेलर असो, तंबू असो की मोटार, आत विस्तव पेटवायचा नाही. आणि दोन्ही बाजूंच्या झडपा रात्रभर थोड्या उघड्या ठेवायच्या.

गाडी उलाळ होऊ द्यायची नाही!

आता सर्वांत महत्त्वाचं. सुतारकाम सुंदर झालं, रंग झकास बसला, तरी एक गोष्ट चुकली तर हा ट्रेलर धोक्याचा. ती गोष्ट म्हणजे वजनाचा तोल.

तुमच्या आजोबांनी बैलगाडी हाकली असेल, तर त्यांना विचारा, 'उलाळ' म्हणजे काय? गाडीत मागच्या बाजूला जास्त ओझं भरलं, की पुढची बाजू वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून वर ओढलं जातं. ती गाडी उलाळ झाली. उलट सगळं ओझं पुढे भरलं, की बैलांच्या मानेवर भार येतो. ती गाडी धुरजड झाली. चांगला गाडीवान दोन्ही टाळतो. गवत भरताना, भात भरताना तो मधूनमधून जू उचलून पाहतो आणि हातानेच अंदाज घेतो.

ट्रेलरचं शास्त्र अगदी हेच आहे. फक्त बैलांच्या मानेऐवजी मोटारीचा गोळा! जाणकारांचा नियम असा, की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या शंभरात दहा ते पंधरा भाग एवढा भार गोळ्यावर पडायला हवा. फार जास्त झाला, तर मोटारीची मागची बाजू दबते आणि पुढची चाकं हलकी होतात. फार कमी झाला, तर त्याहून वाईट होतं. बाजूने मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला, की ट्रेलरची शेपटी थोडी हलते. मागचं ओझं तिला आणखी बाहेर नेतं, मग ती परत येते, मग दुसऱ्या बाजूला आणखी लांब जाते. लंबकासारखं! वेग जितका जास्त, तितके हे झोके वाढतात. शेवटी शेपटीच मोटारीला हलवू लागते. फोंडाघाटासारख्या उतारावर असं झालं तर काय होईल, याची कल्पना करा.

असे झोके सुरू झालेच, तर चालवणाऱ्याने मोटारीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही आणि स्टिअरिंग गरगर फिरवायचं नाही. ते सरळ धरून वेग हळूहळू कमी होऊ द्यायचा. पण खरा उपाय घरून निघण्यापूर्वीच करायचा असतो. तो म्हणजे नीट भरलेलं सामान.

वही-पेन्सिल काढा

समजा, आपल्या ट्रेलरचं वजन आहे ४०० किलो. गोळ्यापासून आस आठ फूट मागे आहे. ट्रेलरचं सगळं वजन जणू एका बिंदूत एकवटलं आहे असं मानतात, तो त्याचा गुरुत्वमध्य. तो आसाच्या एक फूट पुढे आहे.

तरफेचा नियम आठवा. आस हा टेकू.
४०० × १ = गोळ्यावरचा भार × ८
म्हणजे गोळ्यावरचा भार = ५० किलो.
४०० पैकी ५० म्हणजे शेकडा साडेबारा. छान!

आता मागच्या स्वयंपाकघरात पाण्याचे कॅन, शेगडी, तांदूळ, नारळ असं ६० किलो सामान भरलं. ते आसाच्या दोन फूट मागे आहे.
६० × २ = १२०, भागिले ८ = १५ किलो.
मागचं ओझं दांडीला वर उचलतं, म्हणून हे १५ किलो वजा. गोळ्यावर उरले ३५ किलो. एकूण वजन झालं ४६० किलो. शेकडा किती? साडेसातच्या थोडं वर. गाडी उलाळ!

काय करायचं? त्यातलं ४० किलो सामान काढून आसाच्या दोन फूट पुढे, झोपायच्या जागेवर पट्ट्याने घट्ट बांधून ठेवलं तर शेकडा किती येईल? हे तुम्ही काढा. उत्तर बाराच्या किंचित खाली आलं, तर शाबास!

करून पाहा

साहित्य: बुटाचं पुठ्ठ्याचं खोकं, सायकलची जुनी तार, सारख्या मापाची दोन प्लॅस्टिकची झाकणं, एक फूटपट्टी, पेन्सिलचे चार संपलेले सेल, चिकटपट्टी, शाळेचा ताणकाटा. तो नसेल तर रबरबँड चालेल.

१. खोक्याच्या मध्यापासून थोडं मागे, दोन्ही बाजूंना समोरासमोर भोकं पाडा. तार आरपार घालून टोकांना झाकणांची चाकं बसवा. चाकं मोकळी फिरली पाहिजेत. तार कापायला आणि भोकं पाडायला मोठ्यांची मदत घ्या.

२. खोक्याच्या पुढे फूटपट्टी चिकटवा. ही दांडी.

३. दांडीचं टोक ताणकाट्याला किंवा रबरबँडला अडकवून खोकं आडवं, जमिनीला समांतर धरा. चारही सेल पुढे ठेवा आणि किती ताण येतो ते लिहा. मग सेल एकेक करून मागे सरकवा. प्रत्येक वेळी ताण लिहा.

४. एक वेळ अशी येईल की ताण शून्य होईल आणि दांडी आपोआप वर जाईल. तुमची गाडी उलाळ झाली!

५. आता दांडीचं टोक खेळण्यातल्या मोटारीला दोऱ्याने सैलसर बांधा. उतरत्या फळीवरून सोडा आणि जाता जाता शेपटीला बोटाने हलका धक्का द्या. एकदा सेल पुढे ठेवून, एकदा मागे ठेवून. कोणती गाडी लवकर सरळ होते?

खारा वारा आणि धो धो पाऊस

अमेरिकेतल्या आराखड्यात कोकणचा पाऊस धरलेला नव्हता. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे साधा प्लायवूड पावसाळाभर टिकायचा नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून मरीन प्लाय घ्यायचा. त्याच्यावर आय. एस. ७१० असा शिक्का असतो. या प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, तरी थर सुटता कामा नयेत!

दुसरा शत्रू म्हणजे खारी हवा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात लोखंडी स्क्रू मारला आणि मध्ये खारट ओल शिरली, तर काय तयार होतं? दोन निराळे धातू आणि मिठाचं पाणी, म्हणजे विज्ञानाच्या तासाला केलेला विद्युतघट! या घटातून दिवा लागत नाही, स्क्रूभोवतीचा पत्रा मात्र कुरतडला जातो. म्हणून स्क्रूखाली रबराची चकती घालायची, सांधे सीलंटने भरायचे आणि किनाऱ्यावरून परत आलं की खालचा सांगाडा गोड्या पाण्याने धुवायचा. होडीवाले, मच्छीमार आपल्या इंजिनाची जशी काळजी घेतात, तशीच ही काळजी.

घर गळतं का, हे कसं कळणार? जून महिन्याची वाट पाहायची नाही. आत कोरडे वर्तमानपत्राचे कागद पसरायचे आणि बाहेरून नळीने अर्धा तास पाणी मारायचं. जिथे कागद ओला, तिथे भोक!

कायदा काय म्हणतो?

एक गंमत सांगू? ट्रेलरला इंजिन नसतं, तरी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार तो 'मोटार वाहन'च असतो! म्हणजे ट्रेलर घरी कितीही छान बनवला, तरी तो तसाच रस्त्यावर आणता येत नाही. आधी मान्यता आणि नोंदणी हवी. त्याला स्वतःची नंबरप्लेट, मागचे दिवे, ब्रेकचा दिवा आणि वळायचे दिवे लागतात. ओढणाऱ्या मोटारीची तेवढी ताकद आहे का, तिला गोळा बसवायला परवानगी आहे का, हेही पाहावं लागतं. तेव्हा करवत हातात घेण्याआधी आईबाबांनी आरटीओ कार्यालयात जाऊन नीट चौकशी करायला हवी. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कधीही, कुणीही बसायचं नाही. हे घर मुक्कामासाठी आहे, प्रवासात ते रिकामंच हवं.

मुक्कामाला पोचल्यावरही दोन कामं विसरायची नाहीत. चाकांना दगड लावायचे आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली टेकू द्यायचे. नाहीतर मोटार सोडवल्यावर तुम्ही मागे स्वयंपाकाला टेकलात, की सगळं घर उलाळ!

मग सुरुवात कुठून?

पुठ्ठ्यापासून! आधी वरचा प्रयोग. मग आठ फुटांच्या जागी ऐंशी सेंटिमीटर आणि चार फुटांच्या जागी चाळीस सेंटिमीटर धरून पुठ्ठ्याचं नीट प्रमाणबद्ध घर करा. भिंतींचा बाक कामटीने काढा, झाकणाला कापडाची बिजागरी लावा, आत दोन बाहुल्या झोपवून पाहा. ते जमलं, तर मोठ्यांच्या मदतीने परसात, आंब्याखाली, बिनचाकांचा खराखुरा थेंबही बांधता येईल. त्याला नंबरप्लेट लागणार नाही. मे महिन्याच्या सुटीत मुंबईहून चाकरमान्यांची मुलं आली, की रात्री त्यात झोपायला नंबर लागतील, ते वेगळं!

आणि हो, आजोबांना 'उलाळ' आणि 'धुरजड' हे शब्द विचारायला विसरू नका. तुमच्या गावात त्यांना आणखी कुठले शब्द असतील, तर वहीत लिहून ठेवा आणि आम्हालाही कळवा. हे शब्द माहीत असलेली माणसं आता थोडी राहिली आहेत, आणि चाकांवर घर बांधायचं तर त्यांच्याइतका चांगला शिक्षक मिळायचा नाही.